दुपारी आवाज फाटणारा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ

प्रश्न: नमस्कार. वडिलांचा जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा (सिलिकॉनच्या आधीच्या, जुन्या प्रकारच्या) रेडिओ मी नागपूरच्या महाल भागातल्या घरी दुरुस्त करत आहे. पहाटे ५८५ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचे नागपूर केंद्र स्वच्छ ऐकू येते. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की आवाज फाटतो आणि आउटपुटचे, म्हणजे स्पीकर चालवणारे, दोन्ही एसी १२८ ट्रान्झिस्टर चटका देतात. दोष कुठे शोधावा?

उत्तर १: दादा, तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की जर्मेनियममधील गळतीचा (नको असताना झिरपणारा) प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्या प्रवाहाने ट्रान्झिस्टर आणखी तापत असल्यामुळे हे चक्र आपोआप वाढत जाते. त्याला आवर घालण्यासाठी बायसच्या (ट्रान्झिस्टरला किंचित चालू ठेवणाऱ्या छोट्या व्होल्टेजच्या) जोडणीत बहुधा थर्मिस्टर असतो. तापल्यावर त्याचा रोध घटतो आणि बायसचे व्होल्टेज खाली येते. तो जागेवर आहे का, ते आधी पाहा. आवाज पूर्ण बंद ठेवून बॅटरीतून जाणारा प्रवाह पहाटे आणि दुपारी मोजून दोन्ही आकडे येथे लिहा.

उत्तर २: तापतात म्हणून या ट्रान्झिस्टरांच्या जागी सिलिकॉन ट्रान्झिस्टर थेट बसवू नका. जर्मेनियमला सुमारे ०.२ व्होल्ट बायस पुरतो, सिलिकॉनला ०.६ लागतो, त्यामुळे हळू आवाजातले बोलणे खरखरीत होईल. वडिलांचा रेडिओ आहे, त्याचे मूळ भाग जपावेत असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता: प्रवाह पहाटे ९ मिलिअँपिअर, दुपारी ३४. थर्मिस्टरच्या जागी कोणीतरी साधा रेझिस्टर जोडलेला सापडला. उद्या सीताबर्डीत थर्मिस्टर शोधतो.