दोह्यातून कोथरूडचं फोनबिल

ए-३०४ (दोहा), सकाळी ७.४०
नमस्कार सोसायटीकर मंडळी. नोकरीमुळे मी कतारला, दोह्यात असते. इथे कोथरूडला आई-बाबांच्या फ्लॅटला बीएसएनएलचं फायबर आहे आणि जुना लँडलाइन नंबर त्याच्यावरच चालतो. पुढच्या महिन्यापासून बिल मी दोह्यातून भरणार आहे. दोह्याच्या बँकेचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं. बाबांना दर महिन्याला ॲप उघडायला लावायचं नाही. नेमका कुठला मार्ग धरू?

बी-१०२, सकाळी ८.०५
तिसऱ्यांदा कार्ड घालू नकोस, तिकडची बँक कार्डच ब्लॉक करेल. आपल्याकडच्या बऱ्याच पेमेंट गेटवेंना परदेशी बँकेची कार्डं चालूच केलेली नसतात, त्यामुळे कार्डात पैसे असले तरी व्यवहार पुढे सरकत नाही. चुकून सरकलाच तर परकी चलनाचं शुल्क वेगळं लागतं. पाचसहाशे रुपयांच्या बिलासाठी तो मार्ग डोक्यातून काढून टाक.

बी-१०२, सकाळी ८.०९
आधी बिलाचा पीडीएफ समोर घे. त्यावरून चार गोष्टी वहीत उतर: एसटीडी कोडसह फोन नंबर, खाते क्रमांक, बिलाची तारीख आणि भरण्याची शेवटची तारीख. फोन नंबर आणि खाते क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकाच्या जागी दुसरा घालतात आणि मग "बिल सापडत नाही" म्हणून अडून बसतात. दुसरी चूक शून्याची. पुण्याचा कोड ०२०. काही ॲप शून्यासकट मागतात, काही शून्याशिवाय. रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं.

बी-१०२, सकाळी ८.१२
आणि ॲपमध्ये बीएसएनएलच्या नावाने चार-पाच नोंदी दिसतात. प्रीपेड मोबाइल, पोस्टपेड मोबाइल, लँडलाइन, ब्रॉडबँड. तुमच्या घरी नेट आणि फोनचं बिल एकच येतं, तेव्हा लँडलाइनची नोंद निवडून तोच नंबर घाल. नाव आणि रक्कम स्क्रीनवर आली की पीडीएफशी जुळवायची. नाव बाबांचं नसेल तर तिथेच थांबायचं. एक आकडा चुकला की दुसऱ्याचं बिल भरलं जातं आणि ते पैसे परत मिळवायला फार घाम गाळावा लागतो.

ए-३०४ (दोहा), सकाळी ८.२०
हे लिहून घेतलं काका. पण पैसे कुठल्या खात्यातून? माझं पुण्यातलं सेव्हिंग खातं आहे, नोकरी लागण्याआधीचं.

सी-५०१, सकाळी ८.३१
बँकेचं मी सांगते. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं निवासी सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, फेमाप्रमाणे (परकी चलनाचा कायदा) ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. हे काम आधी कर. एनआरओ आणि एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं), दोन्हींतून भारतातली बिलं भरता येतात. पण दोन्ही असतील तर एनआरओतून भर. एनआरईतली रक्कम कधीही मोकळेपणाने बाहेर नेता येते, एनआरओतून बाहेर न्यायला वर्षाची मर्यादा आणि कागदपत्रं आहेत. मग इथला खर्च इथेच अडकलेल्या पैशांतून करावा. भाडं वगैरे एनआरओत येत असेल तर त्यातूनच फोनबिल जाऊ दे.

सी-५०१, सकाळी ८.३४
एक काळजी घे. खातं एनआरओ करताना काही बँका नवा खाते क्रमांक देतात. तसं झालं की जुन्या खात्यावर लावलेल्या सगळ्या ऑटो-पे (दर महिन्याला आपोआप बिल भरायच्या) सूचना बंद पडतात आणि ते तुला घरचा फोन बंद झाल्यावरच कळतं. म्हणून आधी खातं बदलून घ्यायचं, ऑटो-पे त्यानंतर.

ए-२०२ (न्यू जर्सी), सकाळी ८.५०
यूपीआयचं मी सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने परदेशी मोबाइल नंबरवर एनआरई-एनआरओ खातं यूपीआयला जोडायची परवानगी दिली. सुरुवातीच्या दहा देशांत कतार आहे, अमेरिका, यूएई, ओमान, सौदी, सिंगापूर, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँगही आहेत. म्हणजे तुझ्या कतारच्या नंबरवर भीम किंवा दुसरं एखादं ॲप चालू शकतं. अट दुहेरी आहे: तो कतारचा नंबर बँकेत त्या खात्याला नोंदलेला हवा, आणि बँक व ॲप दोघांनीही ही सोय चालू केलेली हवी. तेव्हा आधी बँकेला विचार, मग ॲप उतरव.

ए-२०२ (न्यू जर्सी), सकाळी ८.५६
नोंदणीच्या वेळी ॲप तुझ्या सिमवरून एक एसएमएस आपोआप पाठवतं. परदेशी सिमवरून तो आंतरराष्ट्रीय एसएमएस होतो, त्याचे पैसे लागतात आणि सिममध्ये शिल्लक नसेल तर "डिव्हाइस व्हेरिफाय होऊ शकलं नाही" असा संदेश येतो. भारतीय सिमवर जोडलं असेल तर तीच गोष्ट रोमिंगमध्ये. म्हणून नवा फोन घ्यायचा, ॲप काढून परत टाकायचं, हे सगळं भारतात असताना उरकायचं. आणि भारतीय सिम फोनमधून काढून ड्रॉवरमध्ये टाकायचं नाही, सिम फोनमध्ये दिसलं नाही की बरीच ॲप उघडत नाहीत. नव्याने यूपीआय जोडल्यावर पहिले २४ तास ५००० रुपयांचीच मर्यादा असते, पण आपल्या बिलाला तेवढी पुरते.

बी-१०२, सकाळी ९.१०
सिमचा मुद्दा फार महत्त्वाचा. बिल भरणं पाच मिनिटांचं काम आहे, सगळं अडतं ते ओटीपीवर. बाबांचं असो की तुझं, ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो ते प्रीपेड सिम रिचार्जशिवाय आणि न वापरता पडलं की ९० दिवसांनंतर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. नंतर तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला जातो. त्यावर बँकेचे संदेश जात राहतात! म्हणून वर्षभराचा रिचार्ज एकदम मार, किंवा छोट्या पोस्टपेड प्लॅनवर टाक. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घे. येणारे एसएमएस रोमिंगमध्ये बहुतेक कंपन्या फुकट देतात, पण डेटा रोमिंग बंद ठेव, नाहीतर बिलापेक्षा रोमिंगच जास्त होईल.

सी-५०१, सकाळी ९.१८
काही बँका एनआरआय ग्राहकांना ओटीपी ई-मेलवरही देतात, काहींचं ओटीपीचं वेगळं ॲप असतं. शाखेत एकदा विचारून घ्यावं, सिमवरचा भार तेवढाच कमी होतो.

सी-५०१, सकाळी ९.२६
आता तुझा खरा प्रश्न, म्हणजे दर महिन्याला हात लावायला लागू नये. त्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते तुझ्या एनआरओ खात्याच्या नेटबँकिंगमधलं बिल-पे. तिथे बीएसएनएल लँडलाइन हा बिलर (बिल घेणारी कंपनी) जोडायचा, त्या वेळी एकदा ओटीपी लागतो. मग त्याच बिलरला ऑटो-पे लावायचं आणि कमाल रक्कम ठरवायची. इथे लोक हमखास चुकतात. समजा प्लॅन ४९९ चा आहे. १८ टक्के जीएसटी धरून ५८८.८२ होतात, म्हणून लोक मर्यादा ५८९ लावतात. एखाद्या महिन्यात उशिराचा आकार लागला किंवा मागची बाकी आली की रक्कम मर्यादेबाहेर जाते, बँक काहीच भरत नाही आणि पुढच्या बिलात बाकी आणखी वाढते. ४९९ च्या प्लॅनला मर्यादा १०००-१२०० ठेव. फार मोठीही नको, चुकीचं बिल आलं तर ते तुझ्या नजरेखालून गेलं पाहिजे.

ए-२०२ (न्यू जर्सी), सकाळी ९.३३
कार्डावर किंवा यूपीआय ऑटोपेवर लावलं तरी चालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० पर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते. ती सूचना वाचायची सवय ठेव. फक्त कार्डाची मुदत संपली की मँडेटही (आपोआप पैसे कापायची परवानगी) गेलं. आणि २०२० नंतरच्या भारतीय कार्डांवर ऑनलाइन वापर आधी बंदच असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. आंतरराष्ट्रीय वापराचं बटण मात्र यासाठी लागत नाही. तू दोह्यात बसली असलीस तरी पैसे घेणारा भारतातला आहे, त्यामुळे व्यवहार देशांतर्गतच धरला जातो.

डी-४०३, सकाळी ९.४१
आखातात पैसे पाठवायच्या एक्स्चेंज हाऊसमधून पण भरता येतं ना आता?

सी-५०१, सकाळी ९.४८
हो. बाहेरून थेट भारतातली बिलं भरायला भारत बिलपेचा (बिलं भरायची देशभराची यंत्रणा) मार्ग खुला करायची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये केली. ज्यांचं भारतात खातंच उरलेलं नाही त्यांना उपयोगी. पण दर व्यवहाराचं शुल्क आणि चलनाचा दर आधी बघा. छोट्या मासिक बिलाला परवडत नाही, तीन-चार महिन्यांचं एकदम भरायचं असेल तर ठीक.

बी-१०२, सकाळी ९.५५
आगाऊ भरणं चांगलंच. जास्तीचे पैसे बीएसएनएलच्या खात्यात जमा राहतात आणि पुढच्या बिलात वळते होतात. दोन बिलांएवढी रक्कम कायम जमा ठेवली तर एखाद्या महिन्यात ऑटो-पे चुकलं तरी आई-बाबांचा फोन तुटत नाही. थकलं की आधी बाहेर जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे, आणि तरीही राहिलं तर कनेक्शनच काढतात. म्हाताऱ्या माणसांच्या घरी हा धोका अजिबात पत्करू नये. डॉक्टरला लावायचा फोन तोच असतो.

ए-३०४ (दोहा), सकाळी १०.०२
पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर?

ए-२०२ (न्यू जर्सी), सकाळी १०.०९
लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. "प्रलंबित" दिसत असेल तर आधी थांब. यूपीआयमध्ये पैसे कापले पण बिल कंपनीकडे पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०१९ पासून आहे. तक्रार ज्या ॲपमधून भरलंस तिथेच करायची, व्यवहार क्रमांक घालून. स्क्रीनशॉटवर तारीख, रक्कम आणि क्रमांक तिन्ही दिसले पाहिजेत. आणि शेवटच्या दिवशी भरूच नये. दोह्याला फरक अडीच तासांचा आहे, पण कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे ११ वाजले की पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तीन-चार दिवस आधी भरलं की नोंद व्हायला वेळ लागला तरी काळजी नाही.

बी-१०२, सकाळी १०.१८
आणखी दोन गोष्टी. फायबर देणाऱ्या स्थानिक भागीदाराचा माणूस दारात येऊन "रोख द्या, मी भरतो" म्हणाला तर आई-बाबांनी देऊ नये. ते पैसे बीएसएनएलच्या खात्यात जमा झाले की नाही ते पावतीशिवाय कळत नाही. दुरुस्तीला तोच माणूस येईल, त्याच्याशी गोडीने वागावं, पण बिल ऑनलाइनच.

दुसरं, जुनी तांब्याची लाइन टेलिफोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालायची, वीज गेली तरी फोन चालू. फायबरमध्ये तसं नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याची (फायबरच्या मोडेमची) वीज गेली की नेटही गेलं आणि लँडलाइनही मुकी. त्याच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावून ठेव. बिल भरलेलं असून "फोन लागत नाही" हा निम्म्या वेळा विजेचाच प्रश्न असतो. डब्यावर लाल दिवा असेल तर केबलचा दोष, एकही दिवा नसेल तर विजेचा. बाबांना फोनवर एवढंच विचारायचं: कुठला दिवा दिसतोय?

सचिव, सकाळी १०.२५
सोसायटीकडून एक विनंती. गूगलवर "कस्टमर केअर" शोधून सापडलेल्या नंबरवर कोणीही फोन करू नये, त्यात खोटे नंबर पुष्कळ असतात. नंबर बिलावरूनच घ्या. "दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, मी ट्रायकडून बोलतोय" असे कॉल ज्येष्ठांना येत आहेत. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था ग्राहकांचे फोन बंद करत नाही आणि असे कॉल करत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप कोणी टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

डी-४०३, सकाळी १०.३१
परदेशातून १८०० चे टोल-फ्री नंबर लागत नाहीत, हेही लिहून ठेवा. तक्रार ॲपमधून किंवा इथल्या माणसाकडूनच नोंदवावी लागते.

ए-३०४ (दोहा), सकाळी १०.४०
शेवटचा प्रश्न. डिसेंबरपासून तीन महिने आई-बाबा इकडे येणार. घर बंद. तेव्हा बिल थांबवता येईल का?

बी-१०२, सकाळी १०.५२
मेन स्विच पाडला म्हणून बिल थांबत नाही, हे आधी लक्षात घे. सेफ कस्टडी नावाची सोय असते: नंबर तुमचाच राहतो, कनेक्शन तात्पुरतं बंद होतं. त्यासाठी बाबांचा सहीचा अर्ज लागतो, आधीची बाकी शून्य हवी, आणि परत सुरू करायला पुन्हा सांगावं लागतं. त्याचा आकार अर्ज देताना विचारून घ्या आणि तीन महिन्यांच्या भाड्याशी तुलना करा. दारावर कॅमेरा लावला असेल तर नेट चालूच ठेवा, कनेक्शन बंद केलंत की तुला दोह्यातून काही दिसणार नाही.

बिल कोणीही भरू शकतं, पण नाव, नंबर, प्लॅन बदलायचा किंवा कनेक्शन बंद करायचं तर ज्याच्या नावावर आहे त्याची सही लागते. निघण्याआधी बाबांच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स इथल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.

ए-३०४ (दोहा), सकाळी ११.०५
काका, आत्ता बीएसएनएलच्या सेल्फकेअर पोर्टलवर नोंदणी करून पाहिली. ओटीपी ज्या मोबाइलवर गेला त्याचे शेवटचे आकडे बाबांचे नाहीत. घरात कोणाचेच नाहीत.

बी-१०२, सकाळी ११.०९
मग बाकी सगळं बाजूला ठेव, आधी तेच. जुना बंद पडलेला नंबर नोंदलेला असणार. बिल तयार झाल्याचा एसएमएस, थकबाकीचा इशारा, सगळं त्या नंबरवर जातंय. बाबांना उद्या बीएसएनएलच्या ग्राहक सेवा केंद्रात पाठव. सोबत शेवटचं बिल, आधारची झेरॉक्स आणि मोबाइल बदलायचा साधा अर्ज. अर्जात तुझा ई-मेलही लिहायला सांग म्हणजे बिलाचा पीडीएफ थेट तुला येईल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

सी-५०१, सकाळी ११.१२
बाबांना एकटं पाठवू नकोस गं, मी उद्या अकराला त्याच बाजूला जाणार आहे. त्यांना खाली गेटपाशी थांबायला सांग.