मदत हवी आहे: ३५ हजारांत घरून कामासाठी लॅपटॉप

राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, काम घरूनच. एक्सेल, टॅली आणि रोज दोन-तीन व्हिडिओ मीटिंग. एका दुकानदाराने सेकंडहँड आय५ प्रोसेसरचा लॅपटॉप दाखवला, १८ हजारांत. स्पेसबार घासून आरशासारखा चमकत होता! पण तो निघाला सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, अन् विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. सोडला नाद.

आता नवीनच घेतो. प्रोसेसर इंटेलचा आय३-१२१५यू बरा की एएमडीचा रायझन? ८ जीबी रॅम पुरेल का? नंतर वाढवता येईल असं मॉडेल सांगा, काहींत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. आमच्याकडे लाईन कधी जाईल नेम नाही, मे महिन्यात टिनाखाली पंखासुद्धा झळाच फेकतो. बॅटरी खरंच किती टिकते, ते वापरणाऱ्यांनीच सांगा भाऊ.