श्वास घेतला की बरगडीत कळ: उसण की दुसरं काही?

निफाडची_सून: आमचे अण्णा (सासरे, वय ६४) म्हणतात बागेत वाकून उसण भरली. बाम चोळून झाला. पण उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखतं, तेही श्वास खोल घेतला, खोकलं, शिंकलं तरच. हसवलं तर रागावतात! संध्याकाळी अंग कोमट लागतं.

निवृत्त_सिस्टर: दाबून बघा गं. उसण असेल तर बहुधा बोट ठेवताच दुखतं, हात-कंबर वळवली की वाढतं. श्वासाबरोबर येणारी कळ, त्यात ताप, म्हणजे प्लुरसी असू शकते: फुफ्फुसाच्या आवरणाला सूज. कधी दुखणं खांद्यापर्यंत जातं. दुखऱ्या कुशीवर निजल्यावर बरं वाटतं का त्यांना? आणि कळ आपोआप कमी होऊन धाप वाढली तर खूश होऊ नका, आत पाणी साठत असेल. आपल्याकडे यामागे टीबी बऱ्याचदा निघतो. एक्स-रे काढाच. एकदम दम लागला, रक्त पडलं किंवा छाती आवळून घाम फुटला तर थेट इमर्जन्सीत.

बाळू_सिन्नर: माझं पाणी सुईने काढलं होतं. टीबीच निघाला. ६ महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट.

निफाडची_सून: ताई, हो, उजव्याच कुशीवर झोपतात! एक्स-रेत पाणी दिसलं, उद्या काढून तपासायला देणार. अण्णा विचारतायत, तंबाखू चालेल का?

निवृत्त_सिस्टर: नाही.