बेंचमार्कचा आकडा सांगता तर व्हर्जनही सांगा, नाहीतर आकडा सांगू नका

एडिटर_फोंडा
जत्रेतल्या नाटकांचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग हे माझं काम. घरचा पीसी कोअर आय५-९४०० चा. मागच्या महिन्यात एक सेकंडहँड पीसी बघायला गेलो, आय५-१०४०० चा. विकणाऱ्याने मोबाइलवर स्क्रीनशॉट दाखवला: गीकबेंच (पीसीचा वेग मोजून आकडा देणारं बेंचमार्क सॉफ्टवेअर), सिंगल कोअर, म्हणजे एकाच कोअरचा आकडा, १४८०. माझ्या पीसीचा आकडा मला पाठ होता, १०६०. म्हटलं, चाळीस टक्के जास्त! घासाघीस न करता पैसे मोजले.

घरी येऊन तीन तासांचं नाटक एक्स्पोर्टला लावलं, तर वेळ जुन्या पीसीइतकाच. मग स्क्रीनशॉट मोठा करून बघितला. त्याचा आकडा गीकबेंच ६ चा, माझा ५ चा. दोघांची फूटपट्टीच वेगळी. ५ मध्ये कोअर आय३-८१०० ला १००० धरून बाकीचे आकडे ठरतात, ६ मध्ये कोअर आय७-१२७०० ला २५०० धरून. जुन्या पीसीवर ६ चालवलं तेव्हा १३९० आले. म्हणजे फरक जेमतेम सहा टक्के.

विकणारा खोटं बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. व्हर्जन न लिहिता आकडा टाकणं बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती_म्हापसा
बाब, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं, पण दोष व्हर्जनवर ढकलू नका. एक्स्पोर्ट क्विक सिंकवर लावलं होतं ना? मग ते काम चिपमधल्या ग्राफिक्सने केलं, आणि तुमच्या दोन्ही चिपमध्ये एकच ग्राफिक्स आहे, यूएचडी ६३०. सीपीयूच्या बेंचमार्कचं कुठलंही व्हर्जन चालवलं असतं तरी हे दिसलं नसतं. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं तेव्हा मी सांगतो, पेनड्राइव्हवर तुमची स्वतःची फाइल आणा, माझ्यासमोर चालवा, घड्याळ लावा. बाकी आकडे बाजूला ठेवा.

मडगावकर
दुरुस्तीवाल्यांचं निम्मं पटतं. पण प्रत्येक गिऱ्हाईक प्रीमियर (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) घेऊन दुकानात कसं जाणार? समान माप लागतंच, आणि ते ताजंच असावं. आमच्या ऑफिसात ॲपलच्या स्वतःच्या चिपचा पहिला एम१ मॅक आला तेव्हा कोणीतरी सिनेबेंच (चित्र रेंडर करून सीपीयूचा वेग मोजणारं बेंचमार्क) आर२० चालवून नाक मुरडलं. आर२० इंटेलसाठी लिहिलेलं, एम१ वर ते रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्राम एम१ वर चालवणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) भाषांतरातून चालत होतं. एम१ वर थेट चालणारं आर२३ नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, ते लावल्यावर त्याच मशीनचा खरा दम दिसला. जुनं व्हर्जन नव्या चिपवर अन्याय करतं. म्हणून एकच नियम: नवीन आलं की जुनं काढून टाका.

साखळी_शिक्षिका
काढून कसं टाकणार, मडगावकर? आमच्या शाळेच्या लॅबमधल्या प्रत्येक मशीनचा आर१५ चा आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. दर जूनमध्ये पुन्हा तेच चालवते. एका मशीनचा आकडा एकदम घसरला म्हणून उघडून बघितलं, तर हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला. ब्रशने काढला, आकडा जागेवर आला. मी तिथे सिनेबेंच २०२४ लावलं असतं तर काय कळलं असतं? त्याचं रेंडर इंजिनच वेगळं, रेडशिफ्ट. ज्या मशीनला आर२३ मध्ये हजारो मिळतात, त्याला २०२४ मध्ये शेकड्यांत मिळतात. योग्य व्हर्जन म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची आहे त्याचं व्हर्जन. माझ्यासाठी ते जुनंच.

मडगावकर
ताई, एकाच मशीनची वर्षावर्षाची नोंद ठेवायला जुनं चालेल, मान्य. पण खरेदीसाठी नाही. आर१५ आजच्या मोठ्या चिपवर काही सेकंदांत संपतं. तेवढ्यात पंखा जागासुद्धा होत नाही.

दुरुस्ती_म्हापसा
हा मुद्दा मात्र लाखाचा! मे महिन्यात माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता. गीकबेंचला आकडा एकदम झकास, कारण ते दोन चाचण्यांच्या मधे थांबतं, चिपला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आर२३ आपली दहा मिनिटांची ठरलेली चाचणी घेतं. ती लावली, एसी बंद केला, तर चौथ्या मिनिटाला चिपचा क्लॉक, म्हणजे वेग, खाली कोसळला. घरी एसी नसेल तर दुकानातल्या एसीत काढलेला आकडा घेऊन काय करणार? व्हर्जन लिहाच, पण किती वेळ चालवलं आणि पॉवर प्लॅन कुठला होता तेही लिहा. बॅटरीवर काढलेले आकडेही लोक बिनधास्त दाखवतात.

एडिटर_फोंडा
म्हापशेकरांचं बरोबर होतं, क्विक सिंकच चालू होतं. काल रात्री ते बंद करून नाटकाचा एकच प्रवेश दोन्ही पीसीवर नुसत्या सीपीयूवर एक्स्पोर्ट केला. जुना १४ मिनिटं, नवा ११. दोन्हींत कोअर सहाच, पण जुन्यात थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) सहा आणि नव्यात बारा. म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत.

तरीही माझं मत बदललेलं नाही. त्या दिवशी स्क्रीनशॉटवर "६" ठळक दिसला असता, तर मी घरी फोन करून भावाला जुन्या पीसीवर ६ चालवायला सांगितलं असतं, आणि किंमत ठरवताना मान वर करून बोललो असतो. आता कोणी विकायला आला की स्क्रीनशॉट नको, रिझल्टची लिंक दे म्हणतो. गीकबेंचच्या त्या पानावर व्हर्जन, रॅम, विंडोज सगळं आपोआप येतं, कोणाला कापता येत नाही.

साखळी_शिक्षिका
गीकबेंच ५ अजून मिळतं का? वहीत एक रकाना रिकामा आहे.

एडिटर_फोंडा
मिळतं, बनवणाऱ्यांच्याच साइटवर जुन्या व्हर्जनांचं पान आहे. तिथूनच घ्या, दुसरीकडून नको. आणि ताई, रकान्याच्या डोक्यावर ५ लिहायला विसरू नका.