मदत हवी आहे: नवीन सिल्व्हर अरोवाना खायला तयार नाही

सात इंची सिल्व्हर अरोवाना मासा टाकीत सोडून आज नववा दिवस, अजून पोटात काही नाही. टाकी 4×2×2 फूट, पाणी साधारण 400 लिटर, वर घट्ट झाकण. पाण्यातले विषारी अमोनिया-नायट्राइट शून्य, पीएच 7.2. इकडे बेळगाव-खानापूरकडं थंडीत रात्री पाणी पटकन गार पडतं आणि गार पाण्यात त्याची भूक मरते, म्हणून हीटर 28 अंशावर. पहिले तीन दिवस लाइट बंद, मागच्या काचेला काळा कागद. टाकीत दुसरा मासा नाही.

सोललेल्या कोळंबीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे चिमट्यानं पाण्याच्या वरच्या थरात हलवून बघितले, कारण हा तळातलं सहसा उचलत नाही. येतो, हनुवटीच्या मिशा लावतो, तोंडात घेतो आणि थुंकतो! उरलेलं दहा मिनिटांत काढतो, नाहीतर पाणी नासतं. पेलेटकडं, म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्यांकडं, ढुंकून बघत नाही.

निपाणी-चिकोडीच्या शेतातले नाकतोडे फवारणीच्या भीतीनं टाळलेत. गोल्डफिशही नको, रोज दिला तर त्यातल्या थायमिनेज या एन्झाइमनं जीवनसत्त्व बी-1 कमी पडतं, शिवाय रोग येतो तो वेगळाच.

आता विचारायचं हे: घरी वाढवलेले छोटे गप्पी मासे जिवंत दोन-तीन दिवस देऊन भूक उघडावी, की त्याची चटक लागून मेलेलं खाणं आणखी लांबेल? कोळंबीला लसणाचा रस लावून कुणाला फरक पडलाय का? पोट अजून आत गेलेलं नाही, पण किती दिवस थांबायचं? पाळलेल्यांनीच सांगा की.