१९९२ ची युनोस रोडस्टर : सुधारणांचा क्रम कसा लावावा?

कव्हेंट्रीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त सात वर्षांपासून इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला राहतो. गेल्या महिन्यात मी १९९२ सालची माझदा युनोस रोडस्टर विकत घेतली. युरोपात एमएक्स-५ आणि अमेरिकेत मियाटा या नावाने जी कापडी छताची, दोन सीटची उघडी गाडी विकली गेली तीच ही. फक्त ही जपानच्या बाजारासाठी बनलेली आणि पुढे वापरलेली गाडी म्हणून इकडे आयात झालेली आहे. १.६ लिटरचे इंजिन, पाच गिअर, गडद हिरवा रंग, आत फिकट तपकिरी चामडे आणि लाकडी नार्डी स्टिअरिंग, म्हणजे ही व्ही-स्पेशल आहे. मीटरवर १,३८,००० किलोमीटर आहेत आणि इंजिनवरच्या जपानी स्टिकरवर टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) १,००,००० किलोमीटरला बदलल्याची नोंद आहे.

माझ्याजवळ सुमारे ४,००० पौंड आहेत. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा), उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडी), १७ इंची चाके आणि मोठा एक्झॉस्ट, असे चार बेत मनात आहेत. शनिवार-रविवारी डर्बीशरच्या डोंगराळ रस्त्यांवर फिरणे आणि वर्षातून दोन वेळा ट्रॅकवर नेणे, एवढाच तिचा वापर असेल. गाडी घराबाहेर कापडी आच्छादनाखाली उभी असते.

सध्या तीन गोष्टी जाणवतात. खराब रस्त्यावर मागून ठकठक आवाज येतो. ताशी ६० मैलांच्या पुढे गाडी किंचित भरकटते आणि स्टिअरिंग सतत सावरावे लागते. आणि पाऊस पडून गेल्यावर उजव्या सीटमागचा गालिचा ओला लागतो. माझा प्रश्न असा आहे की, या रकमेत यांपैकी काय आधी करावे आणि काय मुळीच करू नये? ज्यांनी ही गाडी स्वतः सांभाळली आहे त्यांच्या उत्तराची मी विशेष वाट पाहीन.

लेस्टरनिवासी

तुम्ही तीन तक्रारींपैकी सर्वांत शेवटी जी सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्याकडे याच पिढीची १९९१ ची गाडी अकरा वर्षे आहे आणि तिच्यावर झालेला सर्वांत मोठा खर्च याच ओल्या गालिच्यापासून सुरू झाला.

कापडी छताच्या मागच्या कडेवरून येणारे पाणी दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबामागे असलेल्या छिद्रांत उतरते आणि तिथून नळीवाटे खाली जाऊन मागच्या चाकाच्या अलीकडे जमिनीवर पडते. पानांचा चुरा आणि धूळ साचून ही वाट बुजली की पाणी आत गालिच्यावर येते किंवा दाराखालच्या सिलमध्ये साचून राहते. सिल म्हणजे या गाडीचा कणाच आहे, कारण डोक्यावर पक्के छप्पर नसल्यामुळे ताठपणा देण्याचे बरेचसे काम त्या दोन पोकळ पत्र्यांच्या पेट्यांवरच पडते. जपानमधून आलेल्या बहुतेक गाड्यांना खालून इकडच्यासारखा गंजरोधक थर दिलेला नसतो, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे जपानमध्ये पंधरा वर्षे स्वच्छ राहिलेला पत्रा इथे पाच हिवाळ्यांत आतून खाल्ला जातो.

परीक्षा सोपी आहे. छत उघडा, छोट्या झारीने दोन्ही छिद्रांत हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता आणि मागच्या चाकापुढे खाली पाहा. दोन्हीकडे धार पडली पाहिजे. पडली नाही, तर पडदे टांगण्याची लवचीक तार वरून हलक्या हाताने सारून नळी मोकळी करावी. टोकदार सळई कधीही घालू नये, कारण नळी फाटली तर पाणी थेट सिलमध्ये जाते. मग मागच्या चाकाच्या कमानीपुढचा सिलचा शेवटचा वीतभर भाग अंगठ्याने दाबून पाहा. रंगाला फुगवटा असेल किंवा पत्रा कुरकुरला, तर आतला थर आधीच गेलेला आहे असे समजावे.

मी जी गाडी घेतली तिच्या सिलवर आधीच्या कुणीतरी बाहेरून नवा पत्रा चिकटवून वर जाड काळा लेप दिला होता. वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीमध्ये, तो दोन वर्षे निभावून गेला. तिसऱ्या वर्षी तपासनिसाने तिथे नुसते ठोकले आणि लेपासकट ढलपा खाली आला. सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमकुवत झालेला असेल, तर गाडी नापास होते. दोन्ही बाजूंचे आतले, मधले आणि बाहेरचे थर कापून नव्याने वेल्ड करायला मला चौदाशे पौंड लागले. म्हणून सांगतो, निदान हजार-दीड हजार पौंड पत्र्यासाठी बाजूला काढून ठेवल्याशिवाय टर्बोचा विचार करू नका.

कॉइलओव्हरबद्दलही एक सांगतो. या गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल मुळातच कमी आहे. माझ्या पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी दिसायला छान म्हणून इतकी खाली बसवली की शॉकचा दांडा थेट रबरी ठोकळ्यावर टेकत होता, आणि डर्बीशरच्या वळणांवर मधेच खड्डा आला की मागची बाजू उडी मारून बाजूला सरकत असे. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे मूळ अंतर सुमारे १४ इंच आहे. ते १३ इंचांच्या खाली नेऊ नये, असे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणेन.

शेवटी विम्याचे. इथे प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा लागतो, अगदी चाकांचाही. न कळवता टर्बो बसवला आणि अपघात झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

पुण्याचे जुने गॅरेजवाले

मी पुण्यात एकतीस वर्षे गॅरेज चालवले. ही गाडी माझ्या हाताखालून फक्त एकदाच गेली आहे, परंतु तुमची भरकटण्याची आणि ठकठकीची तक्रार गाडीच्या नावावर अवलंबून नाही, म्हणून लिहितो.

पुढे-मागे चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारे वर-खालचे दांडे) असणारी ही गाडी आहे आणि प्रत्येक विशबोन रबरी बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबराच्या नळकांड्यावर, डुलते. तीस वर्षांत रबर कडक होते, चिरते, धातूच्या नळीपासून सुटते. मग ब्रेक लावताना चाक थोडे मागे सरकते, पेट्रोल देताना पुढे येते, आणि चालकाला वाटते की गाडी भरकटते. अशा गाडीवर कितीही महागडे शॉक बसवले तरी ते सैल पायावर नवी भिंत बांधल्यासारखे होते. तुमची निम्मी तक्रार नव्या बुशने आणि चांगल्या अलाइनमेंटने, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, जाईल, असा माझा अंदाज आहे. ठकठक मागच्या अँटिरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळईच्या) छोट्या जोडदांड्यांचीही असू शकते. ते स्वस्त आहेत, आधी तेच पाहावेत.

आता एक गोष्ट जी मी माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला हाताला धरून दाखवत असे. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना कधीही शेवटचा आवळायचा नाही. तेव्हा नुसता हाताने टेकवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची, आणि तिचे वजन चाकांवर असतानाच पाना लावायचा. नाहीतर बुश लोंबकळत्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि सहा महिन्यांत ते फाटते. पुष्कळ लोक मालाला दोष देतात, पण चूक आवळणाऱ्याच्या हाताची असते.

तुमच्या देशातल्या मिठामुळे मागच्या खालच्या विशबोनचे लांब बोल्ट आपल्या नळीत जाम झालेले असणार. आठवडाभर रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडा. तरीही हलले नाहीत तर हातोड्याने डोके चेपत बसू नका, बोल्ट कापा आणि नवे घाला. त्या बोल्टांवरच्या अलाइनमेंटच्या चकत्याही नव्या घ्या. जॅक लावताना मजल्याखालच्या लांब पट्ट्यांवर लावू नका, त्या चेपतात. पुढे क्रॉसमेंबरवर (आडव्या तुळईवर) आणि मागे डिफरन्शियलच्या (ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या) घरावर लावावा.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचलेत का? पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचे टायर असतील, तर नक्षी कितीही खोल दिसो, ते आधी बदला.

ऑस्टिनचा वाचक

काकांनी बुशविषयी लिहिले ते मी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवणार आहे. मी टेक्सासमध्ये १९९० ची मियाटा वापरतो आणि मी नेमका टर्बोपासूनच सुरुवात केली होती, म्हणून त्या भागाविषयी लिहितो.

१.६ च्या इंजिनाचे जपानी माप १२० पीएस (अश्वशक्ती) आहे आणि गाडी सुमारे ९४० किलोंची आहे. हे इंजिन दणकट आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. परंतु त्याच्या आसपासचे भाग तसे नाहीत. १.६ सोबत आलेला डिफरन्शियल ६ इंची आहे आणि वाढीव ताकद त्याला सोसत नाही. माझा दुसऱ्याच उन्हाळ्यात सिग्नलवरून निघताना तुटला. पुढे १.८ लिटरच्या गाड्यांना ७ इंची आला, आणि तो बसवायचा तर त्याबरोबर प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही बाजूंचे ड्राइव्हशाफ्टही १.८ चेच घ्यावे लागतात. हवा मोजणारा मूळ झडपेचा मीटर टर्बोबरोबर अडथळा ठरतो, म्हणजे स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि त्याचे ट्यूनिंग आले. मोठा क्लच, मोठे इंजेक्टर आणि इंटरकूलर धरले की टर्बोची किंमत म्हणजे पेटीवर छापलेली किंमत नव्हे, हे लक्षात येते. तुमचे ४,००० पौंड त्यातच संपतील आणि गंज तिथेच राहील.

पाण्याचा प्रश्न निराळा आणि अधिक निकडीचा आहे. हे इंजिन मूळ आडवे बसणाऱ्या इंजिनांच्या कुळातले. ते इथे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला गेला, त्यामुळे चौथ्या सिलिंडरच्या बाजूला पाण्याचा प्रवाह कमी पडतो. साध्या वापरात त्याचा त्रास होत नाही, परंतु टर्बो लावल्यावर बरेच लोक पाण्याची वाटच बदलतात. तुम्हाला ते सध्या करायची गरज नाही. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग मात्र पाहा. ती नवी असताना काळी असते. ती तपकिरी-हिरवट झाली असेल, तर प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे आणि ती कधीही फुटेल. रेडिएटर, सगळे होज, थर्मोस्टॅट, आणि बेल्टबरोबर वॉटर पंप, एकदाच बदलून टाका. बेल्टच्या बाबतीत किलोमीटरबरोबर वर्षेही मोजावी लागतात. स्टिकरवरची जपानी तारीख कुणाकडून तरी वाचून घ्या.

बिनखर्चाची एक सुधारणा आहे. मूळ इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर असते. निदानपेटीतल्या टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा तारेने जोडून, टायमिंग लाइटने पाहत, कॅम अँगल सेन्सर फिरवून ते १४ अंशांवर आणता येते. याला चांगले पेट्रोल लागते, तुमच्याकडचे ९७ किंवा ९९ ऑक्टेनचे चालेल. मधल्या आरपीएमला गाडी स्पष्टपणे मोकळी वाटते. सेन्सर सोडवलाच आहे तर त्याची रबरी रिंगही बदला, कारण इंजिनच्या मागच्या बाजूला गळणारे तेल बहुधा तिथूनच येते.

१७ इंची चाके घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. मूळ चाके १४ इंची असून अतिशय हलकी आहेत. १५ इंची, ७ इंच रुंद, हलकी चाके आणि १९५/५० चे टायर ही या गाडीची नैसर्गिक मर्यादा आहे. त्यापुढे स्टिअरिंगमधला जिवंतपणा जातो, आणि त्याच जिवंतपणासाठी आपण ही गाडी घेतो. ट्रॅकसाठी ब्रेक हवेत तर १.८ चे २५५ मिलिमीटरचे पुढचे डिस्क, त्यांचे ब्रॅकेट आणि पॅड बसतात. खालून आडव्या लागणाऱ्या १.८ च्या ताठपणा देणाऱ्या सळ्याही भंगारातून मिळाल्या तर जरूर घ्या. आणि ट्रॅकवर जाण्यापूर्वी खरा रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी कमान) लावा. शोभेच्या चकचकीत नळीवर जीव सोपवू नये.

कव्हेंट्रीकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, लेस्टरनिवासी आणि ऑस्टिनचे दादा, तुमची उत्तरे वाचून मी शनिवारी सकाळी झारी घेऊन खाली गेलो.

डावीकडे ओतलेले पाणी दहा सेकंदांत चाकापुढे पडले. उजवीकडे पाणी छिद्राच्या तोंडापर्यंत भरून उभे राहिले. तार घालून बाहेर काढल्यावर तिच्या टोकाला काळ्या मातीत गुंफलेली देवदाराची सुईसारखी पाने आली. त्यानंतर आधी गढूळ आणि मग स्वच्छ धार लागली. उजव्या सिलच्या शेवटच्या भागात रंगाखाली बोटाच्या पेराएवढे दोन फुगवटे आहेत. रेडिएटरची टाकी तपकिरी आहे. मागच्या दोन टायरांवर ०९१३ असे आकडे आहेत.

त्यामुळे मी बेत बदलला आहे. येत्या महिन्यात वेल्डर आतून कॅमेरा घालून दोन्ही सिल पाहणार आहे, आणि बाहेरून पत्रा चिकटवायचा नाही, सडलेला भाग कापूनच काढायचा, असे मी त्याला लेखी कळवले आहे. त्याच्या आकड्यानंतर जे उरेल त्यातून पाण्याची सगळी व्यवस्था, बेल्ट, बुश, जोडदांडे आणि १४ इंची चाकांवरच नवे टायर. टर्बो मी यादीतून काढला आहे. कॉइलओव्हरचा निर्णय नव्या बुशवर पाचशे मैल चालवून झाल्यावर घेईन.

काका, एकच शंका. मागचे लांब बोल्ट कापावे लागले तर मूळ रबरी बुशच घालावेत की कडक पॉलियुरेथेनचे?

पुण्याचे जुने गॅरेजवाले

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ रबरच घाला. पॉलियुरेथेन कडक असते, त्याला वंगण लागते, आणि वंगण सुकले की ते करकरते. तुम्ही महिन्यातून चार दिवस गाडी चालवणार, तेव्हा ते सुकणारच. आणि कापण्यापूर्वी प्रत्येक बोल्टावरच्या चकतीची खूण कोणत्या रेषेवर आहे त्याचा फोटो काढून ठेवा. अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी सरळ चालवता येईल.