मदत हवी आहे: व्हेलच्या दातावरचं जहाज, खरं की रेझिनचं?
नमस्कार मंडळी, मी मॅसॅच्युसेट्समध्ये असते, न्यू बेडफर्डचं व्हेलिंग म्युझियम पाहिलं तेव्हापासून स्क्रिमशॉचं वेड लागलंय. म्हणजे जुन्या व्हेलमारी जहाजांवरचे खलाशी वर्षानुवर्षांच्या सफरीत रिकामा वेळ मिळाला की स्पर्म व्हेलच्या दातावर सुईने नाहीतर चाकूने जहाजं कोरायचे आणि रेघांत काजळी भरायचे, ते.

तर परवा एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे एक दात बघितला. तळहाताएवढा, पिवळसर, त्यावर तीन डोलकाठ्यांचं जहाज, दोर न् दोर कोरलेला, आणि खाली नाव चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन. हे जहाज १८४१ चं, आजही कनेक्टिकटमधल्या मिस्टिकच्या संग्रहालयात आहे, आणि म्हणूनच धाकधूक, कारण रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या नकलांवर नेमकी अशीच प्रसिद्ध नावं असतात. भिंगातून बघितलं तर मुळाच्या पोकळीजवळ बुडबुड्यांसारखे बारीक ठिपके दिसले, ओतलेल्या रेझिनमध्ये असतात तसे. तापलेली सुई टोचून बघ, रेझिन असेल तर वितळेल, असं एकाने सांगितलं, पण दात खरा निघाला तर डाग कायमचा, ते मी करणार नाही. यूव्ही टॉर्चखाली खरा दात निळसर-पांढरा चमकतो ना, कुणी स्वतः करून पाहिलंय का?

दुसरं, इथे १९७२ पासून व्हेलच्या दातांसारख्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंधनं घालणारा समुद्री सस्तन प्राण्यांचा कायदा आहे, मग जुनेपणाचा कागद नसताना असा दात घ्यावा का? पुण्याला नेता येणार नाही हे धरूनच चाललेय. रविवारपर्यंत त्यांना कळवायचंय, प्लीज सांगा.